बेळगावच्या टिळकवाडीतली इंग्लिश ट्युशन: नोट्स मिळत नाहीत, आधीच सांगतो

पोरगी यंदा दहावीला. मराठी मीडियम, म्हणजे मराठी फर्स्ट लँग्वेज, इंग्लिश सेकंड आणि कन्नड थर्ड. कन्नड तिला बाहेर बोलून बोलून आलंय, अडतंय ते इंग्लिशला. नववीत एका क्लासला घातलेली, नाव घेत नाही. तिथं सर धडा वाचायचे, ओळीओळीचा मराठीत अर्थ सांगायचे आणि मग नोट्स डिक्टेट. पोरीला धड्याची गोष्ट तोंडपाठ, पण मराठीत! एका चाचणीत प्रश्न जरा फिरवून विचारला तर ही पाठ केलेलं उत्तर तसंच्या तसं उतरवून आली, ते पण दुसऱ्याच प्रश्नाचं.

म्हणून जूनपासून आरपीडी कॉलेजच्या बाजूला एक रिटायर्ड मॅडम घरीच शिकवतात तिकडं टाकली. बोर्ड नाही, जाहिरात नाही, ओळखीनं कळलं. मॅडम घरात कन्नड बोलणाऱ्या, मराठी आपल्यासारखीच, जातंय येतंय करत. बॅचला 14 पोरं, निम्मी मराठी मीडियमची, निम्मी कन्नड मीडियमची. मला वाटलं आता घोळ होणार, ह्या सांगणार कुठल्या भाषेत? पण झालं उलटंच, कारण दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येतंय, त्यामुळं चुका पण सेम! ‘आय येस्टरडे मार्केट टू वेंट’ असं इकडचं पोरगं पण लिहितंय आणि तिकडचं पण. ‘मला दोन भाऊ आहेत’ म्हणताना मराठीत ‘मला’, कन्नडमध्ये पण ‘मला’च, मग इंग्लिशमधलं ते ‘हॅव’ डोक्यात येणार कुठनं? मॅडम तिन्ही भाषांतली वाक्यं एकाखाली एक लिहितात आणि कुठला शब्द उडी मारून कुठं गेला त्याचे बाण काढतात. नववीपर्यंत हे कुणीच दाखवलं नव्हतं.

आणि ती शेक्सपिअरची दयेवरची कविता. पाठ करायची असते म्हणून बहुतेक ठिकाणी घोकून घेतात आणि विषय संपला. मुळात ते ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ नाटकातलं पोर्शियाचं कोर्टातलं भाषण आहे, तर मॅडमनी हॉलमध्ये कोर्टच मांडलं. एक पोरगं शायलॉक, कर्जाच्या कागदाप्रमाणं पाऊंडभर मांस मागतंय, आमची पोर्शिया, वकिलाच्या वेषात, म्हणजे माझा रेनकोट घालून. कागदावर कबूल केलंय तर शायलॉकचं चुकलं काय, यावर दोन दिवस भांडण, तेही मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये, आणि तिसऱ्या दिवशी घरी जेवताना आमच्याशी. दया पावसासारखी वरनं पडते ही ओळ जुलैत शिकवली, बाहेर आपली बेळगावची झिमझिम चालूच होती, समजावून सांगायला काही उरलंच नाही म्हणे.

आता तक्रारी. रिपोर्टेड स्पीच, पॅसिव्ह, लेटर रायटिंग हे सगळं दिवाळीनंतर आत्ता कुठं सुरू झालंय, पेपर सोडवून घेणं फार कमी. मी बोललो तर म्हणाल्या, ‘थांबा हो, आधी वाक्य तर उभं राहू दे की.’ बॅच साडेसातला सुटते, आम्ही शहराबाहेर येळ्ळूरचे, तेव्हा रोज गाडी काढून मलाच जावं लागतंय आणि बोळात गाडी लावायला जागा नाही. लाईट गेली तर त्या दिवशी नुसत्या गप्पा, इंग्लिशमध्ये असल्या तरी गप्पाच. फी महिना 800, पावती मागू नका.

आणि मार्क? नववीत 80 पैकी 52 होते, आता सहामाहीला 47. मिसेस म्हणते जुना क्लासच बरा होता. मी पेपर नीट बघितला, स्पेलिंगची बोंब आहे पण उत्तरं तिची स्वतःची, एकही पाठ केलेलं नाही. म्हणून सध्या तरी काढत नाही. ज्यांना फेब्रुवारीत घाई करून पास व्हायचंय त्यांनी इकडं येऊ नये, आठवी-नववीत असतानाच घाला.

चपला आत काढा, बाहेर ठेवल्या तर शेजारचं कुत्रं पळवतंय.