नऊ महिने वापरल्यावर: बोअरची 1 एचपी मोटर चोख, पॅनेल मात्र कच्चं

नऊ महिन्यांत पॅनेलमधला (मोटर चालू-बंद करायच्या डब्यातला) रनिंग कंडेन्सर, म्हणजे मोटर चालू असेपर्यंत लागणारा कंडेन्सर, दोनदा गेला आणि दोन्ही वेळा सर्व्हिसवाल्याने फोनवरच निकाल दिला: वाइंडिंग (मोटरच्या आतली गुंडाळलेली तार) जळली, मोटर काढा. 300 फुटांवरून मोटर उपसायची मजुरी, वर रिवाइंडिंग. प्रत्यक्षात लागले कंडेन्सरचे दोन-अडीचशे रुपये.

मोटरबद्दल तक्रार नाही. पाणी पहिल्या दिवशी होतं तेवढंच येतं.

रनिंग कंडेन्सरची क्षमता उतरली की मोटर सुरू होते, पण 8 ऐवजी 10-11 अँपियर ओढते आणि थोड्या वेळात ओव्हरलोड (जादा करंटला मोटर बंद करणारा स्विच) पडतो. याच लक्षणावर वाइंडिंगचा आळ येतो. मुळातच घूंऽ करून उचलत नसेल तर आधी पॅनेलवरचा व्होल्टमीटर बघा. हिरवं बटन दाबताच काटा 215 वरून 160 वर आला, तर दोष लाइनचा किंवा पॅनेलपर्यंत येणाऱ्या केबलचा. 200 च्या आसपास टिकला, तर स्टार्टिंग कंडेन्सर (फक्त सुरू होताना लागणारा) आणि बोअरमधली केबल तपासा. पुन्हा पुन्हा बटन दाबू नका, चांगली वाइंडिंग त्यानेच जळते.

एमसीबी पाडा, 100 वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बच्या दोन वायरी कंडेन्सरला लावून तो रिकामा करा, एक वायर सोडवा, मग कंडेन्सरची क्षमता मोजणारं मीटर लावा. वर 50 मायक्रोफॅरड लिहिलेलं, मीटरवर 31. 45 च्या खाली गेलेला ठेवूच नये. नवा 440 व्होल्टचाच घ्या. चालू मोटरमध्ये कंडेन्सरवर लाइनपेक्षा जास्त व्होल्टेज असतं, 250 चा टिकत नाही.

आधी वाटलं, माल हलका. पण दोन्ही गेले ते एप्रिल ते जूनमध्येच. पत्र्याचा डबा पश्चिमेच्या भिंतीवर, आणि कंडेन्सर दुहेरी टेपने थेट त्याच पत्र्याला चिकटवलेला! विदर्भाच्या उन्हात दुपारी त्या डब्याला हात लावून बघा. कंपनीने पाच रुपयांची क्लिप देऊन तो पत्र्यापासून बोटभर दूर बसवायला हवा होता. पॅनेल आता सपरीत, सावलीत आहे.

संध्याकाळी चक्की सुरू होऊन व्होल्टेज उतरलं की मोटर उचलत नव्हती, तो दोष मात्र पॅनेलचा नाही. बसवताना बोअरमध्ये 1.5 चौरस मिमीची केबल टाकली होती. 300 फुटांना जाऊन-येऊन 2.2 ओहम, सुरू होताना 35 अँपियर धरले तर 77 व्होल्ट केबलमध्येच जातात. 2.5 च्या तांब्याच्या केबलमध्ये 47. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो: 230 ऐवजी 180 मिळाले तर जोर 61 टक्केच. केबलला पैसे वाचवू नका.

मोटर काढायला हो म्हणण्याआधी तिन्ही वायरी पॅनेलपासून सोडवून ओहम मोजा. दोन लहान आकड्यांची बेरीज तिसऱ्याएवढी आली की वाइंडिंग तुटलेली नाही. मग 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर), प्रत्येक वायर ते अर्थ. बेरीज जुळली नाही किंवा मेगर 1 मेगओहमच्या खाली आलं तरच मोटर वर घ्या, आणि वर आल्यावर पहिल्यांदा केबलचा जॉइंट कापून मोटर आणि केबल वेगवेगळी मोजा.