फॅट३२ → एनटीएफएस → एक्सफॅट → परत एनटीएफएस : सात महिन्यांचा अनुभव

गेल्या आठवड्यात कॉपी चालू असताना एक्स्टर्नल ड्राइव्हची केबल निघाली. परत जोडली, तर आजीच्या रेकॉर्डिंगचं फोल्डर उघडेना. चेकडिस्क (विंडोजचं ड्राइव्ह तपासून दुरुस्त करणारं साधन) चालवल्यावर 'फाउंड.०००' नावाचं फोल्डर तयार झालं आणि त्यात नुसत्या आकड्यांच्या नावाच्या फाइली. कुठली कशाची हे एकेक उघडून ओळखण्यात दोन रात्री गेल्या. सगळं मिळालं, पण तेव्हाच ठरवलं की हे सविस्तर लिहायचं. (वरची तीन नावं म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवायच्या तीन पद्धती, म्हणजेच फाइल सिस्टिम.)

ड्राइव्ह १ टीबीचा, जुना, फॅट३२ मध्ये. सात महिन्यांपूर्वी आजीशी केलेल्या गप्पांचे तुकडे जोडून ९ जीबीची एक फाइल केली. ती काही केल्या ड्राइव्हवर जाईना. सहाशे जीबी मोकळे असताना 'फाइल फार मोठी आहे' असं उत्तर! कारण माहीत असेलच: फॅट३२ मध्ये फाइलचा आकार ३२ बिटांत लिहितात, म्हणून ४,२९,४९,६७,२९५ बाइटच्या वर एक बाइटही चालत नाही. मोकळी जागा किती आहे याचा त्याच्याशी संबंधच नाही.

नवीन ड्राइव्ह घ्यायचा नव्हता. चालू वस्तू बदलणं मला पटत नाही. म्हणून अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'कन्व्हर्ट ई: /एफएस:एनटीएफएस' ही फाइली न पुसता पद्धत बदलणारी कमांड दिली. ते ड्राइव्हचं लेबल विचारतं आणि चुकीचं लिहिलं तर पुढे जात नाही, तेव्हा आधी बघून ठेवा. थोड्या वेळात काम झालं, एकही फाइल हलली नाही. ९ जीबीची फाइल एका दमात गेली. इतका आनंद मला कुठल्याही नव्या खरेदीने झालेला नाही. (तरी महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत आधी काढलीच होती. तीही काढा. मध्येच वीज गेली तर कन्व्हर्ट तुम्हाला काही भरून देणार नाही.)

तीन महिने सुरळीत गेले. मग बहिणीने मॅक घेतला. मॅक एनटीएफएस वाचतो, पण त्याच्यावर लिहू देत नाही. तिने नीट केलेला आवाज परत ड्राइव्हवर टाकता येईना. आणि इथे कळलं की कन्व्हर्ट ही एकेरी वाट आहे. एनटीएफएसवरून मागे फिरायची कमांड नाही, एक्सफॅटकडे नेणारीही नाही. सगळा डेटा उसन्या ड्राइव्हवर काढा, फॉरमॅट करा, परत भरा. केलं. एक्सफॅट दोन्हीकडे लिहितं, मोठ्या फाइली घेतं. तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की एक्सफॅटच घ्या. ते बोलणं आता मागे घेतो.

केबलचं प्रकरण नंतरचं. माझं मन त्याआधीच एका आकड्याने उडालं होतं. माझ्या टिपणांच्या सुमारे १२,००० छोट्या फाइली आहेत, सरासरी ३ केबीच्या. एकूण साधारण ३५ एमबी. एक्सफॅटवर त्याच फोल्डरची 'साइज ऑन डिस्क' (डिस्कवर प्रत्यक्ष अडवलेली जागा) बघितली तर दीड जीबी! विंडोज ३२ जीबीपेक्षा मोठा ड्राइव्ह एक्सफॅट करताना, आपण काही बदललं नाही तर, १२८ केबीचे क्लस्टर (फाइलला जागा देण्याचा सर्वांत लहान तुकडा) धरतं. म्हणजे दोन ओळींच्या टिपणालाही १२८ केबी. १ टीबीमध्ये दीड जीबी म्हणजे काहीच नाही, हे मला तीन जणांनी समजावलं. पटलं नाही. ३५ एमबीच्या मजकुराला दीड जीबी देणं म्हणजे नासाडीच, आणि ती फॉरमॅटच्या खिडकीत कुठे सांगत नाहीत. 'अॅलोकेशन युनिट साइज' (म्हणजे क्लस्टरचाच आकार) अशी एक ओळ असते, तिच्याकडे कोण बघतं? मी तर बघितलं नव्हतं. तिथे लहान आकडा निवडला असता तर हे टळलं असतं. आता प्रत्येक वेळी बघतो.

केबलबद्दल एवढंच. एनटीएफएस बदलांची जर्नलमध्ये (ड्राइव्हवरच्याच एका नोंदवहीत) नोंद ठेवतं, त्यामुळे मध्येच जोडणी तुटली तरी फोल्डरांची रचना सहसा सावरते. कॉपी होत असलेली फाइल मात्र तिथेही अर्धवटच राहते. एक्सफॅटला जर्नल नाही. मोठ्या फाइलीला कॉपी व्हायला वेळ लागतो, म्हणजे केबल निघायलाही तेवढाच जास्त वेळ मिळतो. ज्या कामासाठी एक्सफॅट घेतलं, तिथेच ते नाजूक आहे. 'इजेक्ट' केल्याशिवाय आता कोणाला हात लावू देत नाही.

काल ड्राइव्ह परत एनटीएफएस केला. कन्व्हर्ट एक्सफॅटवर चालत नाही, त्यामुळे पुन्हा उसना ड्राइव्ह, पुन्हा कॉपी. बहिणीकडे फाइली नेण्यासाठी जुना पेनड्राइव्ह एक्सफॅट करून ठेवलाय, त्यावर एका वेळी एकच रेकॉर्डिंग असतं आणि काम झालं की पुसतो. तुम्ही बदल करणार असाल तर आधी हा ड्राइव्ह कुठे-कुठे जोडला जाणार आहे ते कागदावर लिहा. टीव्ही असेल तर तो काय वाचतो ते त्याच्या माहितीपुस्तिकेत बघा. मी ते केलं असतं तर दोनदा उसनवारी करावी लागली नसती.

टिपणांचं फोल्डर आज परत तपासलं. साइज ऑन डिस्क पन्नास एमबीच्या आत आहे.