लेव्होथायरॉक्सिन : गोळी गुणी, पण वेळेच्या बाबतीत हट्टी

थायरॉईड ग्रंथी मंदावलेल्यांना बहुधा आयुष्यभर घ्याव्या लागणाऱ्या या गोळीविषयी अभिप्राय लिहिणे अवघड आहे, कारण ती लागू पडली की तिची आठवणही होत नाही. मी ती अनेक वर्षे घेत आहे आणि त्यातला बहुतेक काळ तक्रारीविना गेला. मध्यंतरी मात्र जुना थकवा अचानक परतला, रात्रभर झोप होऊनही सकाळी अंगात त्राण नसणारा, आणि या औषधाचे खरे गुणदोष त्या काळात कळले. हा अभिप्राय मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.

औषध म्हणून गोळीत खोट नाही. थायरॉईड ग्रंथी जे टी-४ संप्रेरक तयार करते, तोच रेणू या गोळीत असतो आणि शरीर गरजेप्रमाणे त्याचे टी-३ मध्ये रूपांतर करून घेते. त्याचे अर्धायुष्य सुमारे ७ दिवसांचे असल्यामुळे दिवसातून एक गोळी पुरते आणि एखादा दिवस चुकला तरी लगेच काही बिघडत नाही. मात्र या संथपणामुळेच बिघाडही उशिरा जाणवतो. आज जो गळाठा आला आहे त्याचे मूळ महिना-दीड महिन्यापूर्वीच्या एखाद्या बदलात असू शकते, आणि आपण मात्र कालच्या जागरणाला बोल लावत बसतो. डोस बदलल्यानंतर टीएसएचची (थायरॉईडला चालना देणारे संप्रेरक; औषध कमी पडले की रक्तात ते वाढते) तपासणी ६ ते ८ आठवड्यांनी करायला सांगतात तेही याच कारणाने. त्याआधी केलेली तपासणी अर्धवट चित्र दाखवते.

गोळीचा खरा हट्ट आहे तो पोटाशी. उपाशीपोटी घेतली तरी तिच्यातील साधारण ६० ते ८० टक्केच औषध रक्तात उतरते, आणि नाश्ता किंवा कॉफी लगोलग झाली तर त्याहून कमी. त्यामुळे साध्या पाण्याबरोबर, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, हा नियम पाळावाच लागतो. कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीवरची काही औषधे यांच्यात आणि या गोळीत तर ४ तासांचे अंतर हवे. मला हाडांसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी कॅल्शियम सुरू केले होते आणि ते नाश्त्यानंतर, म्हणजे थायरॉईडच्या गोळीनंतर जेमतेम तासाभराने पोटात जात होते. टीएसएच वाढलेला आला. डोस वाढवण्याची चिठ्ठी लिहिता लिहिता थायरॉईडच्या डॉक्टरांनी विचारले, ‘मध्यंतरी नवीन काही सुरू केलंत का?’ उत्तर ऐकून त्यांनी लिहिलेली ओळ खोडली. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर घ्यायला सांगितले, डोस होता तोच ठेवला आणि पुढच्या तपासणीत टीएसएच ठिकाणावर आला. थकवा त्याआधीच हळूहळू ओसरू लागला होता.

माझी खरी तक्रार माहितीपत्रकाविषयी आहे. चार घड्या उलगडल्यावर, मुंगीएवढ्या अक्षरांत, इतर औषधांच्या लांबलचक यादीच्या मधोमध ही कॅल्शियमची सूचना सापडते. जी गोष्ट पाकिटावर ठळक छापायला हवी ती अशी दडवून ठेवण्याला काय म्हणावे? औषधाला मी पाचपैकी पाच गुण देईन, माहितीपत्रकाला दोन, तेही सूचना निदान छापली आहे म्हणून. पाकीट घेताना कंपनी आणि मायक्रोग्रॅमचा आकडा दोन्ही वाचून घ्यावे, रंगावर विसंबू नये. या औषधाचा डोस इतक्या बारकाईने ठरतो, की कंपनी बदलली तर डॉक्टरांना सांगून काही आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहिलेला बरा. गोळ्या ऊन आणि दमट हवेपासून दूर ठेवाव्यात; न्हाणीघरातले कपाट त्यासाठी सर्वांत वाईट.

थकव्याचे खापर दर वेळी या गोळीवर फोडणेही न्यायाचे नाही. टीएसएच योग्य असेल तर रक्तक्षय, बी-१२ची कमतरता, मधुमेह, झोपेत श्वास अडखळणे, नैराश्य अशी कारणे शोधावी लागतात. केस-नखांसाठी बायोटिन घेणाऱ्यांनी तपासणीपूर्वी ते प्रयोगशाळेला आणि डॉक्टरांना सांगावे, कारण अनेक चाचण्यांत त्यामुळे टीएसएच खोटाच कमी दिसतो आणि डोस जास्त होत असल्याचा भास होतो. गर्भधारणा झाल्याचे कळताच मात्र पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांशी बोलावे, कारण गरज सुरुवातीच्या आठवड्यांतच वाढते.

थकवा आला म्हणून आपणच अर्धी गोळी वाढवणे हा या औषधाचा सर्वांत वाईट वापर. जादा डोसने धडधड, हातांचा कंप आणि निद्रानाश होतो; दीर्घकाळ चालू राहिल्यास हृदयाची लय बिघडू शकते आणि हाडे ठिसूळ होतात, विशेषतः उतारवयात.

सकाळची वेळ ज्यांना जमतच नाही त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने रात्री झोपताना, जेवणानंतर किमान ३ तासांनी, ही गोळी घेता येते. माझे कॅल्शियमच आता रात्रीवर गेले असल्यामुळे मला ती सोय उरलेली नाही.