बाथरूमच्या छताला सॅटिन की सेमी-ग्लॉस? दमट महिने आणि थंडी काढल्यानंतरचा अनुभव

बाथरूमच्या भिंतींना टाइल्स असल्या की रंगाचा खरा प्रश्न उरतो तो छताचा. घरात दोन बाथरूम आहेत. रंगकामाच्या वेळी एकाच्या छताला सॅटिन, म्हणजे मंद चमकेच्या, फिनिशचं अ‍ॅक्रिलिक इमल्शन (पाण्यातला रंग) लावलं, दुसऱ्याच्या छताला त्याहून चकचकीत सेमी-ग्लॉस. दोन्हीकडे रोज गरम पाण्याच्या अंघोळी होतात, दोन्हीकडे एक्झॉस्ट फॅन आहे. मधे दमट महिने गेले, थंडीही गेली. आता मत द्यायला हरकत नाही, आणि ते सॅटिनच्या बाजूने आहे.

आधी दोन्ही छतांना साधा मॅट होता. मॅट दिसायला सगळ्यांत छान, कारण छताचे उंचवटे तो गिळून टाकतो. पण हा गुण येतो कुठून? मॅटमध्ये रंगद्रव्य आणि भराव जास्त, बांधून ठेवणारं रेझिन कमी. त्यामुळे पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत आणि सच्छिद्र राहतो. त्याच्यावर पडलेला प्रकाश विखुरतो म्हणून चकाकी नसते, आणि त्याच्यावर बसलेलं पाणी आत मुरतं म्हणून छत कोरडं भासतं. मुरलेली ओल आणि तिच्याबरोबर आलेली साबणाची, धुळीची पुटं यांवर बुरशीचं मस्त चालतं. पुसायला जावं तर फडक्याला रंग लागतो, किंवा घासलेल्या जागी चकचकीत डाग उमटतो. खास बाथरूमसाठी बनवलेले मॅट रंगही मिळतात, त्यांची गोष्ट वेगळी. मी बोलतोय ते बैठकीच्या खोलीत उरलेला मॅट बाथरूममध्ये संपवण्याबद्दल, जे सर्रास चालतं.

फिनिशच्या नावांवर फार विसंबू नका. एका कंपनीचं सॅटिन दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्ट शीनइतकंच चमकतं. चकाकी मोजायचं यंत्र असतं. ते ठरावीक कोनातून प्रकाश टाकून किती परत येतो ते बघतं. रंगांची मानकं ठरवणाऱ्या मास्टर पेंटर्स इन्स्टिट्यूटच्या वर्गवारीत ६० अंशांवर मॅटला जास्तीत जास्त ५ एकक, सॅटिनला २० ते ३५, सेमी-ग्लॉसला ३५ ते ७०. सेमी-ग्लॉसचा पल्ला केवढा मोठा आहे बघा. ३८ वालाही सेमी-ग्लॉस आणि ६८ वालाही. म्हणून शेड कार्डावरचा इंचभर तुकडा बघून ठरवू नये. पुठ्ठ्यावर दोन हात मारून, वाळल्यावर तो छताला टेकवून दिवा लावून बघावा.

कारण छताला प्रकाश तिरपा मिळतो. आरशावरचा दिवा, वरची छोटी खिडकी, सगळं बाजूने. सेमी-ग्लॉसच्या छतावर रोलर कुठे थांबला, पुट्टीची पट्टी कुठे दाबली गेली, जुना पोपडा कुठे निघाला होता, ते सगळं सकाळच्या उजेडात वाचता येतं. रंगाऱ्याचं काम वाईट नव्हतं. तोच माणूस, तेच पॉलिश पेपर, सॅटिनच्या छतावर यातलं फारसं काही दिसत नाही.

सेमी-ग्लॉसचा दुसरा त्रास मला अपेक्षित नव्हता. थेंब. तृप्त हवेत ३० अंश सेल्सिअसला घनमीटरमागे साधारण ३० ग्रॅम पाण्याची वाफ मावते, २० अंशांना फक्त १७ च्या आसपास. उरलेलं पाणी गार पृष्ठभाग शोधतं, आणि थंडीत स्लॅब हा खोलीतला सगळ्यांत गार पृष्ठभाग. गुळगुळीत रंगात ते मुरत नाही. थेंब बनून लटकतं आणि नेमकं अंग पुसत असताना मानेवर पडतं. सॅटिनवरही दव धरतं, पण टपकण्याइतके मोठे थेंब मी क्वचितच पाहिले. पाणी साचणं कुठल्याही फिनिशने थांबत नाही, हे मात्र दोन्ही खोल्यांनी सारखंच शिकवलं. त्यासाठी अंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं फॅन चालू ठेवावा लागतो आणि दाराखालून हवा आत यायला फट लागते. दार घट्ट बंद असेल तर फॅन नुसता आवाज करतो.

सेमी-ग्लॉसच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. ते पुसायला केव्हाही सोपं. गीझरच्या वरचा काळपटपणा ओल्या फडक्याने एका फेरीत गेला. सॅटिनला सौम्य साबणाचं पाणी आणि थोडा वेळ लागला. रंग मात्र दोन्हीकडचा टिकला.

रंग लावल्यानंतर काही आठवड्यांत सॅटिनच्या छतावर तपकिरी, चिकट ओघळ दिसायला लागले. घरात लगेच वरून लिकेज असल्याची चर्चा सुरू झाली. ओघळ पुसले तर निघाले, आणि खालचा रंग शाबूत. पाण्यातल्या रंगात घटक एकजीव राहावेत म्हणून साबणासारखी द्रव्यं घातलेली असतात. रंग पूर्ण पिकण्याआधी त्याच्यावर दव बसलं की ती बाहेर येतात. एक-दोनदा पुसल्यावर प्रकार बंद झाला. दोन हातांमध्ये चार-सहा तास ठेवले की रंग हाताला कोरडा लागतो, पण पूर्ण पिकायला दोन ते चार आठवडे जातात. निदान पहिले काही दिवस तरी वाफेची अंघोळ दुसरीकडे करता आली तर करावी.

काळे ठिपके दिसले तर ती धूळ की बुरशी, हे ओळखायला ब्लीचचा एक थेंब पुरे. ठिपका फिका पडला तर बुरशी. फक्त ब्लीच कधीही टॉयलेट साफ करायच्या अ‍ॅसिडबरोबर किंवा अमोनियाबरोबर एकत्र येऊ देऊ नका. विषारी वायू तयार होतो, आणि बाथरूम ही बंद खोली. बुरशीवर थेट रंग मारणं तर फुकटच. ती मारून, धुऊन, छत पूर्ण सुकवूनच प्रायमर घ्यावा. छताला जुना डिस्टेंपर असेल तर तो खरवडून काढल्याशिवाय वर काहीही धरत नाही, मग डबा कितीही महाग असो. आणि वरच्या मजल्यावरून खरोखरच पाझर असेल तर आधी तो बंद करा. स्लॅबमधून पाणी येत असताना जितका चकचकीत, बंदिस्त रंग द्याल तितके मोठे फुगे येतील. ऑइल पेंट याच कारणाने मी टाळला. शिवाय पांढरा ऑइल पेंट अंधाऱ्या खोलीत पिवळा पडत जातो, आणि बाथरूमपेक्षा अंधारी खोली घरात कुठली?

सॅटिनचं एकच गाऱ्हाणं. फॅनची वायर बदलताना छताला भोक पडलं, ते बुजवून त्याच डब्यातला रंग लावला, तरी तो तळहाताएवढा तुकडा तिरप्या उजेडात वेगळा चमकतो. मॅटमध्ये असा ठिगळ लपतो. चकाकी असलेल्या रंगात दुरुस्ती करायची तर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पूर्ण छत मारावं लागतं. सध्या मी तो तुकडा तसाच सोडलाय. दुसऱ्या बाथरूमचं सेमी-ग्लॉस बदलायचं आहेच, तेव्हा दोन्ही छतं एकदम होतील. तिथे आधी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी घालवावी लागेल, नाहीतर नवा रंग गुळगुळीत थरावर धरणार नाही.