किमतीआधी आवृत्ती विचारणारे दुकान

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात जुन्या पुस्तकांचे एक लहानसे दुकान आहे. तेथे मी गेली सहा वर्षे जातो आहे. पुढे एक तक्रारही नोंदवायची असल्यामुळे त्याचे नाव येथे मुद्दाम देत नाही. छतापर्यंत चढलेले लोखंडी रॅक, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि एका वेळी जेमतेम दोन गिऱ्हाइके मावतील एवढी वाट, असा एकंदर प्रकार आहे. तरीही चकचकीत दालनांपेक्षा मला हे दुकान अधिक उपयोगी वाटते, कारण पुस्तकाचे नाव सांगितल्यावर मालक किंमत सांगण्याआधी विचारतात, "कोणती आवृत्ती पाहिजे तुम्हाला?"

हा प्रश्न प्रथम ऐकला तेव्हा मी विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' मागत होतो, आणि मला उत्तर देता आले नाही. मालकांनी काही न बोलता दोन प्रती काढून पुढ्यात ठेवल्या. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले, 1857 च्या धामधुमीत झाशीच्या वेढ्यात सापडले आणि लुबाडले जाऊनही अखेरीस गंगेची कावड घेऊन घरी परतले, एवढे मला ठाऊक होते. मात्र त्यांच्या हस्तलिखितात फेरफार करून चिंतामण विनायक वैद्य यांनी ते 1907 मध्ये छापले आणि मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांच्या संपादनाने थेट 1966 मध्ये वाचकांसमोर आला, हे त्या दिवशी कळले. दोन्ही प्रती घेतल्या आणि पुढचे पंधरा दिवस त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. वैद्यांच्या पाठात प्रवासवर्णन सुबक झाले आहे, तर पोतदारांच्या पाठात भटजी स्वतः ओसरीवर बसून बोलतात. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी तहानलेली राणी या विद्वान ब्राह्मणाला पाणी ओढू देत नाही आणि मातीचे मडके घेऊन स्वतःच शेंदू लागते, हा प्रसंग वाचताना तर मी पुस्तक मिटून काही वेळ नुसता बसून राहिलो. एकच प्रत घ्यायची असेल तर पोतदारांची घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' मात्र मी मागितले नव्हते. गठ्ठा सोडताना ते मालकांनीच बाजूला काढले. विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर सुरतेत चाललेल्या अर्भकहत्येच्या खटल्याने पेटून उठून बुलढाण्याच्या या बाईंनी 1882 मध्ये हे छोटेखानी पुस्तक लिहिले. जोतीराव फुल्यांनी त्याची बाजू घेतली, तरी पुढे ते जवळपास शतकभर विस्मृतीत गेले आणि 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले. मला मिळालेली प्रत मालशे यांच्या संपादनाची असून तिच्या पहिल्या पानावर एका ग्रंथालयाचा 'निर्लेखित' असा जांभळा शिक्का आहे. असे पुस्तक कोणत्या निकषाने बाद ठरते, हे मला अजून उमगलेले नाही. पुरुषांना समोर उभे करून जाब विचारणारी ताराबाईंची भाषा इतकी रोखठोक आहे की मधला काळ जाणवतही नाही.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'विषयी नव्याने काय सांगावे? एवढेच सुचवतो की संक्षिप्त आवृत्तीवर भागवू नये. मूळ पुस्तक चार भागांत आले, आणि संक्षेपात पहिली कात्री लागते ती घरगुती फजितीच्या प्रसंगांना, जे या पुस्तकाचा प्राण आहेत.

आता तक्रार. दोन वर्षांपूर्वी येथूनच घेतलेल्या एका चरित्रग्रंथात 96 नंतर एकदम 113 वे पान निघाले, म्हणजे बांधणीत सोळा पानांचा आख्खा फर्माच गळला होता. दुकानदाराने पुस्तक परत घेतले, पण रोख पैसे न देता तेवढ्या किमतीचे दुसरे पुस्तक उचलण्यास सांगितले आणि मला त्या दिवशी हवे असलेले काहीच तेथे नव्हते. आवृत्तीबाबत इतका चोखंदळ माणूस पाने मोजून घेत नाही, याचे मला आश्चर्य वाटले. तेव्हापासून मी पैसे देण्यापूर्वी पृष्ठांक तपासतो आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस कसर लागली आहे का, हेही पाहतो.

कवितेचे रॅक अगदीच दुबळे आहे आणि पुस्तकांची यादी कोठेही नाही. सगळा हिशेब मालकांच्या डोक्यात असतो, त्यामुळे ते नसताना गेल्यास मदतनीस केवळ खांदे उडवतो. किंमत आतल्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली असते आणि तीत घासाघीस चालत नाही. संध्याकाळी पाचनंतर गेल्यास मालक हमखास भेटतात.