कॉन्टेसाच्या पार्टसाठी जुना बाजार आणि नाना पेठ, माझा दोन वर्षांचा अनुभव

सगळ्यात आधी सांगते, जुन्या मालाचा जुना बाजार आणि स्पेअर पार्टवाली नाना पेठ ह्या दोन जागा पुण्यात नसत्या तर आमची कॉन्टेसा एव्हाना भंगारात गेली असती. गाडी बाबांची आहे, 1995 ची क्लासिक, 1.8 लिटर पेट्रोल, वडगावला घरामागच्या शेडमध्ये 11 वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. एका मोठ्या रिस्टोरेशनवाल्याला आणून दाखवली तर त्याने साडेसहा लाख सांगितले, तेही बंपरचं क्रोम सोडून. माझ्याकडे पगारातून बाजूला काढलेले सगळे मिळून पावणेदोन लाख. बाबा म्हणाले अगं देऊन टाकू, कशाला त्रास घेतेस, आणि असं म्हणताना ते बोनेटवरनं हात फिरवत होते. तेव्हाच ठरवलं की घरीच करायची, जमेल तशी, शनिवार रविवार.

कॉन्टेसाला आपल्याकडे सगळे मसल कार म्हणतात. अमेरिकेतली खरी मसल कार म्हणजे 1964 ची पॉन्टिअॅक जीटीओ वगैरे, त्यात 6.4 लिटरचं व्ही-8 म्हणजे आठ सिलेंडरचं इंजिन. आपल्या गाडीचं मूळ इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरमध्ये, हिंदुस्तान मोटर्सने ती 1984 ते 2002 उत्तरपाड्याला बनवली आणि आमच्या मॉडेलमध्ये इसुझू ह्या जपानी कंपनीचं 1817 सीसीचं चार सिलेंडरचं इंजिन आहे. पण ते लांबलचक बोनेट, समोरचे चार गोल दिवे, ताकद मागच्या चाकांना, आणि रस्त्यावर बसल्यासारखी दिसणारी ती रुंद गाडी, सिग्नलला अजून माणसं काच खाली करून विचारतात की विकायची आहे का. मला तेवढं पुरेसं आहे.

आता नाना पेठ. स्पेअर पार्टची दुकानं एकाला एक लागून आहेत आणि पहिल्या दिवशी मी मोठी चूक केली, काउंटरवर जाऊन विचारलं कॉन्टेसाचा गॅस्केट सेट आहे का. सहा दुकानात एकच उत्तर, ताई ती गाडी बंद होऊन किती वर्षं झाली, काही मिळणार नाही. सातव्या दुकानात एक वयस्कर काका बसले होते, त्यांनी विचारलं इंजिन कुठलं, बीएमसी (म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) का इसुझू? म्हणलं इसुझू. मग म्हणाले, अहो मग कॉन्टेसा कशाला म्हणता, अॅम्बॅसडर अठराशे सांगा ना. आणि तिथेच सगळं सुटलं, कारण हेच 1.8 चं इसुझू इंजिन नंतर अॅम्बॅसडरलाही बसवलं होतं आणि अॅम्बॅसडर 2014 पर्यंत बनत होती, टॅक्सीत आणि सरकारी ताफ्यात धावत होती, त्यामुळे इंजिनाचा माल अजून फिरतोय. हेड गॅस्केट, ऑइल सील, वॉटर पंप, क्लच प्लेट, पेट्रोल पंपाचं किट, सगळं मला नाना पेठेतच मिळालं, काही त्याच दिवशी आणि काही आठ दहा दिवसांनी मागवून. इंजिनाच्या वरच्या कामाचा सगळा माल साडेनऊ हजारात आला. ज्याच्याकडे इसुझूवाली कॉन्टेसा आहे त्याने हे लिहूनच ठेवा, दुकानात अॅम्बॅसडर अठराशे म्हणायचं. सुरुवातीच्या गाड्यांमध्ये 1.5 चं बीएमसी इंजिन होतं, त्यांनी जुन्या अॅम्बॅसडरचं विचारायचं.

बॉडीचं मात्र तसं नाही. दारं, काचा, बीडिंग, दिव्यांच्या लेन्स, हँडल, हे फक्त कॉन्टेसाचंच लागतं आणि नवीन कुठेच नाही. इथे दोन मार्ग, एक तर जुना बाजार नाहीतर लेथवाला, म्हणजे लेथ मशीनवर धातू कापून पार्ट दुरुस्त करणारा.

लेथवाल्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण मला सगळ्यात जास्त कौतुक त्यांचं आहे. आमची चारही दारं लोंबत होती, ड्रायव्हरचं दार तर उचलून लावावं लागायचं. डेंटरने, म्हणजे गाडीचा पत्रा ठोकणाऱ्याने, सांगितलं बिजागऱ्या बदला. कुठून बदलणार? मग मी आठही बिजागऱ्या काढल्या, साफ केल्या आणि नाना पेठेच्या आतल्या गल्लीत एका छोट्या लेथवर घेऊन गेले. दुकान म्हणजे एक लेथ, एक ड्रिल, एक भिंतीवरचा पंखा आणि खाली लोखंडाच्या कुरळ्या भुश्श्याचा थर. त्या मामांनी एक बिजागरी हातात घेतली, पिन घालून हलवून बघितली आणि काही न बोलता माप घ्यायला व्हर्नियर लावला. भोक गोल राहिलंच नव्हतं, अंड्यासारखं झालेलं, पिनसुद्धा एका बाजूने खाल्लेली. म्हणाले बिजागरीला काही झालेलं नाही, भोक मोठं करून गनमेटलचा बुश (आत बसणारी छोटी नळी) मारू आणि पिन नवीन करू. मला वाटलं आठवड्याने या म्हणतील. म्हणाले बसा. एक बुश कापला, बाहेरनं एक बारीक पास घेतला, पुसला, बसवून बघितला, काढला, परत केसाएवढा पास घेतला. पिन आत सोडली तर ती स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली उतरली, हलत मात्र अजिबात नव्हती. असं आठ वेळा, प्रत्येक बिजागरीचं माप वेगळं. बुश आणि पिन मिळून 1600 रुपये घेतले. घरी येऊन बसवल्या, ड्रायव्हरचं दार दोन बोटांनी लोटलं आणि खट्कन लागलं. बाबा आतून बाहेर आले आवाज ऐकून. म्हणाले हा आवाज गाडी नवीन आणली तेव्हा यायचा.

एक गोष्ट त्या मामांनी परत परत सांगितली, नमुना घेऊन या. फोटो नको, माप लिहून आणलेला कागद नको, तुटका का असेना पण पार्ट हातात पाहिजे. नाना पेठेत सगळीकडे हेच. मी दोनदा फोटो दाखवून माल घेतला आणि दोनदा परत करायला गेले, परत घेतात पण तोंड वाकडं करून, आणि ते बरोबरच आहे त्यांचं.

आता जुना बाजार. मंगळवार पेठेत, बुधवारी आणि रविवारी भरतो. मी रविवारी जाते, सकाळी लवकर, कारण दुपारी गर्दी अशी होते की खाली वाकून माल बघता येत नाही आणि गाडीचा माल सगळा जमिनीवर पसरलेला असतो. पार्किंगचं विसरा, टू व्हीलर लांब लावून चालत या. पहिल्या चार वेळा मला काहीच मिळालं नाही. पाचव्या वेळी एका पोत्याखाली मागच्या दिव्याची डावी लेन्स दिसली, धुळीने काळी झालेली, मी पाण्याच्या बाटलीतलं पाणी ओतून अंगठ्याने चोळली तर आतनं लालभडक रंग आला, एक तडा नाही, स्क्रूची कोपऱ्यातली भोकंसुद्धा शाबूत. विक्रेत्याने सांगितले 800, मी 300 म्हणलं, 450 ला दिली. खरं सांगायचं तर मी 800 पण दिले असते, पण चेहऱ्यावर दाखवायचं नाही एवढं शिकले आहे.

तिथे आणखी एक चांगलं मिळतं ते म्हणजे हत्यारं. तापारियाचे आणि गेडोरचे जुने पाने, घडवलेले, वजनदार. फक्त पान्याचं तोंड फाकलंय का ते बघून घ्यायचं, खिशात एक नवीन नट ठेवा आणि लावून बघा. माझा रिंग पान्यांचा जवळजवळ पूर्ण सेट तिथलाच आहे, 700 रुपयांत जमला. आणि बॉडीचा कुठलाही पत्रा घेताना फ्रिजवरचं साधं चुंबक बरोबर न्या. एकाकडे पुढचं मडगार्ड होतं, बघायला अगदी सरळ, चुंबक लावलं तर अर्ध्या भागावर चिकटेचना, म्हणजे आत बोटभर लांबी (पुट्टी) भरलेली. सोडून दिलं.

आणि आता तक्रार, आणि ही गंभीर आहे. तिथेच एका पथारीवर मला ब्रेकचे रबरी होज, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळ्या, मिळाल्या, पॅकिंगमध्ये, नवे कोरे दिसणारे, चारशे रुपयांना जोडी. मी हरखून घेतले. बसवले, ब्लीडिंग केलं म्हणजे नळ्यांतली हवा काढली, पॅडल कडक झालं. गाडी शेडमधून बाहेर काढून आमच्या उतारावर जरा पुढे घेतली आणि दुसऱ्यांदा ब्रेक दाबला तर पॅडल सरळ तळाला. बाबा शेजारी बसले होते, त्यांनी हँडब्रेक ओढला म्हणून गाडी समोरच्या गेटच्या अलीकडे थांबली. माझे पाय लटपटत होते. खाली बघितलं तर होज क्रिंपच्या, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या, शेजारी फाटलेला. वापरलेला नव्हता, पण रबर वीस वर्षं पॅकिंगमध्येच म्हातारं झालं होतं, वाकवून बघितलं तर बारीक बारीक चिरा. वर ब्रेक ऑइल चाकाच्या आतल्या नव्या प्रायमरवर सांडलं आणि तो प्रायमर सालीसारखा निघाला, ते काम परत केलं. त्या विक्रेत्याला काय बोलणार, त्याने काही खोटं सांगितलं नव्हतं, पण हात जोडून सांगते, जुन्या बाजारातून रबराची एकही वस्तू घेऊ नका. ब्रेकचं काहीही, पेट्रोलचा पाइप, कूलंटचा होज, हे नाना पेठेतून बिल घेऊन नवीनच घ्या. पेट्रोलच्या पाइपचं तर आता जास्तच, कारण पंपावर सगळीकडे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि जुनं रबर त्याने फुगतं, मऊ पडतं. मी टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळा पाइप इंजेक्शनच्या गाडीला लागतो त्या दर्जाचा टाकला, महाग पडला, पण इंजिन तापल्यावर पेट्रोल टपकणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

बाकीचं थोडक्यात. वायरिंगचा माल तपकीर गल्लीतून, वॉटर पेपर, ब्रश, थिनर बोहरी आळीतून, फ्लोअरला लावायला 20 गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा भवानी पेठेतून. फ्लोअर ड्रायव्हरच्या पायाखाली पूर्ण गेला होता, ते काम मी केलं नाही, सीओटू (विजेच्या) वेल्डिंगवाला डेंटर घरी बोलावला. गॅसच्या ज्योतीने करू का म्हणाला, मी नको म्हणलं, एवढा पातळ पत्रा गॅसच्या उष्णतेने वाकडातिकडा होतो. टाकी आधीच उतरवली होती, बॅटरी काढली, ओली पोती आणि वाळूची बादली शेजारी ठेवली. छोट्या पार्टचा गंज मात्र घरीच काढला, किराणा दुकानातलं लिंबाचं फूल म्हणजे सायट्रिक अॅसिड, 20 लिटरच्या बादलीत एक किलो, रात्रभर बुडवायचं, सकाळी ब्रशने घासायचं, सोड्याच्या पाण्याने धुवायचं आणि लगेच कोरडं करून तेल लावायचं, नाहीतर तासाभरात परत तांबूस होतं. स्प्रिंग आणि हाय टेन्साइल (जास्त ताकदीचे) बोल्ट त्यात टाकू नका, ठिसूळ होऊन तुटतात.

पेंटिंग घरी केलं नाही. टू-के पेंटमध्ये (म्हणजे दोन भाग मिसळून मारायच्या रंगात) असतो तो हार्डनर फुफ्फुसांना वाईट असतो आणि साध्या मास्कने काही होत नाही, म्हणून प्रायमर आणि घासकाम आम्ही केलं आणि शेवटचा हात बूथ असलेल्या पेंटरकडून दिवाळीनंतर मारून घेतला, पावसाळ्यात आपल्याकडे हवेत ओल इतकी असते की रंग धुरकट येतो. रंग मूळचाच ठेवला, बदलला असता तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागली असती. काहीजण विचारतात व्हिंटेजची नंबर प्लेट मिळेल का, नाही मिळणार, त्याला गाडी 50 वर्षांची लागते आणि सगळ्यात पहिली कॉन्टेसासुद्धा अजून तेवढी झालेली नाही.

खर्च आत्तापर्यंत 1 लाख 68 हजार, त्यात पेंट आणि डेंटरच निम्म्याहून जास्त. म्हणजे ह्या दोन बाजारांत मी पन्नास हजारांच्या आतच घातले असतील, आणि गाडी चालते ती त्या पन्नास हजारांवर. नाना पेठेला पाचपैकी पाच, लेथवाल्या मामांमुळे. जुन्या बाजाराला साडेतीन, आणि ते साडेतीन फक्त वेळ असणाऱ्याला, ज्याला पुढच्या रविवारी गाडी चालू पाहिजे त्याने तिकडे फिरकू नये.

बंपरचं क्रोम राहिलंय, भोसरीत एका प्लेटिंगवाल्याने दोन्हीचे मिळून 9000 सांगितलेत, दोन महिन्यांनी बघू. आणि मागच्या उजव्या दाराची काच खालीवर करायचं हँडल अजून मिळत नाहीये, क्रोमचं, काळ्या मुठीचं, सध्या तिथे लॉकिंग प्लायर लावून काच चढवतोय. कुणाला जुन्या बाजारात दिसलं किंवा कुणाच्या माळ्यावर पडलं असेल तर कळवा, तुटकं असलं तरी चालेल, नमुना म्हणून मामांकडे नेता येईल.