डीबीएस : हाताचा कंप थांबला, चालण्याचे काय?

पार्किन्सनसाठी माझ्या वडिलांवर डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे मेंदूच्या खोल भागाला सौम्य विद्युत स्पंद देण्याची) शस्त्रक्रिया झाली. हे परीक्षण त्या शस्त्रक्रियेपेक्षा तिच्यानंतर रोज सांभाळाव्या लागणाऱ्या उपकरणाचे आहे. मेंदूत खोलवर, बहुतेकदा सबथॅलॅमिक न्यूक्लियस या लहानशा भागात, इलेक्ट्रोड बसवतात, त्याची तार कातडीखालून मानेमार्गे खाली आणतात आणि छातीवर कॉलरबोनखाली बॅटरीचे यंत्र ठेवतात. आलिम-लुई बेनाबिद यांनी फ्रान्समधील ग्रेनोबल येथे १९८७ मध्ये कंपासाठी ही पद्धत सुरू केली, त्यामुळे तिला आता प्रायोगिक म्हणता येणार नाही.

कंप आणि ताठरपणा यांबाबत मी निःशंकपणे चांगले मत देईन. शर्टाचे वरचे बटण लावताना वडिलांची बोटे काजापाशी येऊन घसरत असत. आता ते बटण स्वतः लावतात. गोळ्यांचा डोस कमी झाल्यामुळे अंगाला येणारे अनैच्छिक हेलकावेही कमी झाले.

चालण्याबाबत मात्र खरेदीपूर्वीच स्पष्ट बोलून घ्यावे. लेव्होडोपाची (पार्किन्सनच्या मुख्य औषधाची) गोळी लागू पडल्यावर जी चाल सुधारते, तीच डीबीएसने सुधारण्याची शक्यता असते. गोळीचा पूर्ण परिणाम असतानाही दारात किंवा वळताना पाय जमिनीला खिळत असतील, तोल जात असेल, तर या यंत्राकडून फारशी आशा धरता येत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी गोळीविना आणि गोळीसह अशी चाचणी घेतात, आणि साधारणपणे ३० टक्के किंवा त्याहून अधिक सुधारणा अपेक्षित असते, ती याचसाठी. आम्हाला टक्केवारी सांगितली गेली, पण त्यात कंपाचा वाटा किती आणि चालीचा किती हे कोणी फोडून सांगितले नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे.

खरी सेवा कळते ती प्रोग्रॅमिंगमध्ये, म्हणजे यंत्राचे विद्युत स्पंद रुग्णानुसार जुळवून घेण्यात. सुरुवातीला बहुधा १३० हर्ट्झच्या (सेकंदाला १३० स्पंद) आसपासची वारंवारिता ठेवतात. पाय खिळत असल्यास ती ६० हर्ट्झपर्यंत उतरवून पाहतात, ज्याचा काहींना उपयोग होतो, पण तेवढ्याने हात पुन्हा थरथरू लागू शकतो. आमच्याकडे नेमके हेच झाले आणि मधला मार्ग सापडेपर्यंत बऱ्याच खेपा झाल्या. करंट वाढवला की उच्चार जड होतात, हेही घरच्यांनीच लक्षात घेऊन सांगावे लागते, कारण ठरलेल्या वेळेच्या भेटीत रुग्ण नेटाने स्पष्ट बोलतो. (वडील तर डॉक्टरांसमोर चालतातही ऐटीत.)

रिचार्ज न होणारी बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षांनी छोट्या शस्त्रक्रियेने बदलावी लागते. रिचार्ज होणारी कितीतरी अधिक टिकते, पण ती नियमित चार्ज करणारे कोणीतरी घरात हवे. डायथर्मीचा (फिजिओथेरपीत विद्युत यंत्राने देतात तो) शेक पूर्णपणे वर्ज्य असतो आणि एमआरआयपूर्वी यंत्राचे कार्ड दाखवावेच लागते. आजाराची वाटचाल हे यंत्र थांबवत नाही. ज्यांची मुख्य अडचण कंप किंवा औषधाच्या परिणामातले चढउतार ही आहे, त्यांनी न्यूरोलॉजिस्टशी याविषयी जरूर बोलावे. ज्यांची मुख्य अडचण पडणे हीच आहे, त्यांना मी हे सुचवणार नाही.